पद्मिनीच्या पुढच्या सीट : नोंद तिसरी

मागच्या नोंदीत फ्लोअरच्या पत्र्याचे काम संपल्याचे लिहिले होते. त्यामुळे सीटचा निर्णय आणखी लांबवण्यास सबब उरली नव्हती. माझी १९८६ची प्रीमियर पद्मिनी सणासमारंभापुरती बाहेर निघणारी गाडी नाही. ती रोज कोथरूडहून हडपसरला जाते आणि परत येते. पुढच्या सलग बाकाच्या स्प्रिंगा चालकाच्या बाजूला इतक्या बसल्या होत्या की घरी पोहोचेपर्यंत कंबर धरत असे. शिवाय त्रिकोणी काचेच्या रबरातून झिरपलेले पावसाचे पाणी गादीतल्या काथ्यात मुरे आणि तो कुबट वास दिवाळीपर्यंत जात नसे.

मूळ बाकच नव्याने भरून घ्यावा, असे आधी ठरवले होते. कारागीर स्प्रिंगा बदलून त्यांवर ४० घनतेचा फोम घालून द्यायला तयार होता आणि दिसायला तेच सर्वांत शोभले असते, हे मान्य आहे. परंतु या बाकाची पाठ खांद्यांच्या आसपासच संपते; सिग्नलला उभे असताना मागून कोणी धडकले, तर मानेला टेकू म्हणून काहीच नाही. केवळ रविवारी फिरणाऱ्या गाडीत मी हे चालवून घेतले असते. नंतरच्या फ्लोअर गिअरच्या पद्मिनीतील सुट्या सीटही पाहिल्या, पण हाती लागलेल्या जोडीचे रूळ, म्हणजे ज्यांवर सीट मागेपुढे सरकते त्या पट्ट्या, गंजून गेले होते.

अखेर भंगारातून मारुती झेनच्या दोन सीट आणल्या. हेडरेस्ट आहे, पाठ मागेपुढे होते आणि फोम अजून दबलेला नाही. खरी अडचण पुढेच होती. सीटच्या रुळांचे पाय त्या-त्या गाडीच्या फ्लोअरच्या चढउताराप्रमाणे घडवलेले असतात. झेनचे इंजिन पुढची चाके फिरवते. पद्मिनीत मात्र मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टसाठी फ्लोअरच्या मधोमध उंचवटा आहे, त्यामुळे आतल्या बाजूचा रूळ सपाट बसतच नाही. गाडी जागेवर उभी ठेवून सीटखाली फळ्यांचे तुकडे घातले आणि निरनिराळ्या उंचीवर बसून पाहिले. मूळ बाकापेक्षा सीट ४ सेंटीमीटर उंच झाली की दोन गोष्टी बिघडतात : स्टिअरिंगवरच्या गिअरचा दांडा खाली ओढताना डाव्या गुडघ्यावर येतो आणि पुढची काच उंचीला कमी असल्याने जवळचा सिग्नल पाहण्यासाठी मान वाकवावी लागते. दुकानात सीटवर बसून ती आरामशीर आहे की नाही एवढेच कळते; डोळे, गुडघा आणि क्लच यांचा मेळ मात्र गाडीतच पाहावा लागतो. हे मला सीट विकत घेतल्यानंतर सुचले.

जुने पाय कापून त्याच जागी वेल्डिंग करावे, असे फॅब्रिकेटरचे म्हणणे होते. ते मी नाकारले, कारण अपघातात सगळा भार ज्या जोडावर येतो, त्याच्या वेल्डिंगची खात्री मला डोळ्यांनी करता येणार नव्हती. त्याऐवजी ५ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे, आतबाहेर वेगळ्या उंचीचे चार नवे पाय करून ते रुळांना बोल्टने जोडले. पद्मिनीला स्वतंत्र चासी, म्हणजे बॉडीखालचा वेगळा सांगाडा, नसल्याने भार थेट फ्लोअरच्या पत्र्यावर येतो; म्हणून प्रत्येक बोल्टखाली, गाडीच्या बाहेरच्या अंगाने, ३ मिलिमीटर जाडीची चौकोनी प्लेट घातली. पुढे दोन आणि मागे तीन मिळून आसनसंख्या नोंदणीपुस्तकाप्रमाणे पाचच राहते. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी आरटीओसमोर उभी करावी लागते, तेव्हा हा मुद्दा किरकोळ नाही.

अभ्र्यासाठी रेक्झिन न घेता जाडसर कापड निवडले. एसी नसलेल्या गाडीत एप्रिलच्या दुपारी रेक्झिनवर जो बसला आहे, त्याला कारण सांगायला नको. रंग मात्र मूळच्या बाकाचाच, तपकिरी. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी गेल्यापासून माझ्याकडे जुन्या बाकाची विचारणा दोनदा झाली. तो विकायचा नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे आणि त्याची मूळ भोके फ्लोअरमध्ये रबरी बुचे लावून जपली आहेत.

उजव्या सीटवर आतापर्यंत सहाशे किलोमीटर झाले. कंबर धरत नाही. पण आतला मागचा बोल्ट एकदा ढिला आढळला, म्हणून तेथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्यांनी सहसा न सुटणारा) घातला आहे. त्याची तपासणी झाल्यावरच डावी सीट बसवणार आहे. तोपर्यंत डावीकडची जागा रिकामीच असून सौभाग्यवती मागे बसतात.