आमची वाटचाल : पंक्चरच्या घमेल्यापासून सीलंटच्या ड्रमापर्यंत

पंढरपूर-मंगळवेढा रस्त्यालगत आमच्या वडिलांचे पंक्चरचे दुकान आहे. ‘होते’ असे न लिहिता ‘आहे’ असे मुद्दाम लिहितो, कारण पंक्चर होऊनही गाडी थांबू नये यासाठी टायरमध्ये घालायचे द्रव सीलंट आम्ही त्याच दुकानाच्या मागच्या शेडमध्ये बनवू लागलो, त्याला आता बरीच वर्षे झाली, तरी ते दुकान बंद पडलेले नाही. वडील आजही सकाळी सात वाजता कॉम्प्रेसरचा पट्टा चाचपून पाहतात, घमेल्यात ताजे पाणी भरतात आणि मगच चहा घेतात.

आमच्या भागात पंक्चरचे दोन हंगाम असतात. उसाचे गाळप सुरू झाले, की कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्यांच्या बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्यांचे, म्हणजे नालांचे, खिळे निखळून रस्त्यावर पडतात. चपट्या डोक्याचा आणि निमुळत्या टोकाचा हा खिळा पुढच्या चाकाने उडतो आणि मागच्या चाकात उभा घुसतो. म्हणूनच दुकानात येणाऱ्या दहा गाड्यांपैकी बहुतेकींचे मागचेच चाक बसलेले असते. दुसरा हंगाम उन्हाळ्याचा. बांधावरची वेडी बाभूळ तोडून कुंपणाला ओढत नेली, की तिचे काटे पाणंदीत विखुरतात. हा काटा टायरमधून आत शिरतो आणि तिथेच मोडतो. त्यामुळे ट्यूबला ठिगळ लावून झाल्यावरही टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधावा लागतो. तो राहिला, तर गिऱ्हाईक अर्ध्या तासात शिव्या देत परत येते. वडिलांच्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची टोके या कामामुळे इतकी निबर झाली आहेत, की त्यांना गरम चहाचा पेलाही नीट जाणवत नाही.

या सगळ्यात सर्वाधिक हाल दूधवाल्यांचे होत. मागे दोन्ही बाजूंना भरलेले कॅन, संकलन केंद्राची ठरलेली वेळ आणि वाटेत बसलेले चाक. जुन्या चेतक स्कूटरला निदान स्टेपनी असे. मोटारसायकलला तीही नाही. एके वर्षी मे महिन्यात एक दूधवाले काका आठवड्यात तिसऱ्यांदा गाडी ढकलत आले तेव्हा त्यांच्या एका कॅनमधले दूध नासले होते. मी त्या वेळी रसायनशास्त्रात बी. एस्सी. होऊन नोकरीच्या शोधात होतो आणि तोवर दुकानात हात लावत होतो. पुण्याच्या एका सुट्या भागांच्या दुकानात मी हिरव्या द्रवाची परदेशी बाटली पाहिली होती. ती विकत आणून काकांच्या मागच्या चाकात घातली. पुढचे दोन महिने काका पंक्चरसाठी आलेच नाहीत. वडिलांनी हिशेबाची वही मिटत एवढेच विचारले, “आरं, आपलंच गिऱ्हाईक तोडाय निघालास व्हय?”

हा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचे उत्तर माझ्याकडे पुढची तीन वर्षे नव्हते.

सीलंटचे काम ऐकायला सोपे आहे. चाक फिरू लागले, की द्रव बाहेरच्या दिशेने फेकला जातो आणि टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या आतल्या अंगाला त्याचा थर बसतो. खिळा घुसून निघाला, की आतली हवा त्या भोकातून बाहेर पडताना द्रवालाही सोबत ओढते. द्रवातले बारीक तंतू भोकाच्या कडांवर आडवेतिडवे अडकतात, त्यांच्या जाळ्यात रबराचे कण रुततात आणि चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत भोक बुजते. उंदराने पाडलेले बीळ बुजवताना आपण नुसती माती न लोटता आधी काटक्या कोंबतो, तसाच हा प्रकार आहे. लॅटेक्सचे सीलंट हवा लागताच घट्ट होऊन भोक बुजवते, पण ते टायरमध्ये लवकर सुकते, म्हणून आम्ही ग्लायकॉल (लवकर न सुकणारा दाटसर द्रव), पाणी आणि तंतू यांचा मार्ग निवडला.

ग्लायकॉलही दोन प्रकारचे मिळते. इथिलिन ग्लायकॉल स्वस्त आहे, पण ते विषारी असून चवीला गोड असते. आमच्या शेडच्या शेजारीच गोठा आहे, आणि सांडलेला द्रव जनावराने किंवा कुत्र्याने चाटला तर काय होईल, या एका विचाराने आम्ही पहिल्या दिवसापासून महाग असलेले प्रोपिलिन ग्लायकॉलच वापरले. नफ्याच्या दृष्टीने हा निर्णय आजही खटकतो आणि आमचा हिशेब पाहणारे गृहस्थ दरवर्षी त्याची आठवण करून देतात.

द्रव दाट ठेवण्यासाठी झँथन गम घालावा लागतो. तो थेट पाण्यात टाकला, तर पिठल्यात होतात तशा गाठी होतात: वरून ओल्या, आतून कोरड्या आणि काही केल्या न फुटणाऱ्या. पहिले अनेक घाणे आम्ही याच गाठी चाळून काढण्यात वाया घालवले. एकदा आई शेडमध्ये आली, तिने ड्रममध्ये डोकावून पाहिले आणि म्हणाली, “पीठ आधी थोड्यात कालवून घ्यावं की, एकदम कशाला टाकतोस?” गम आधी पाणी न मिसळलेल्या ग्लायकॉलमध्ये कालवला आणि मग ते मिश्रण पाण्यात सोडले, तर एकही गाठ होत नाही. ग्लायकॉलमध्ये गम लगेच फुगत नाही, त्यामुळे कण सुटे राहतात, हे त्यामागचे शास्त्र मला पदवीच्या अभ्यासात कोणी सांगितले नव्हते.

तंतूंसाठी आम्ही सोलापुरातल्या यंत्रमागावरच्या चादरींचा सुती कचरा आणून पाहिला. तो फुकटात मिळत होता आणि आपल्या मातीतले काहीतरी वापरतो आहोत याचा आनंदही होता. तो आनंद आठवडाभर टिकला. सूत पाणी पिऊन फुगले, त्याचे गोळे झाले आणि बाटलीतून व्हॉल्व्हमध्ये सोडताना ते तिथेच अडकून बसले. शेवटी बारीक कापलेला अ‍ॅरामिड तंतू विकत घ्यावा लागला, जो पाणी फारसे पीत नाही आणि ओढला तरी सहज तुटत नाही. रबराचे कण मात्र स्थानिकच राहिले: टायर रिमोल्ड करणाऱ्यांकडे, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवणाऱ्यांकडे, घासकामाचा जो रबरी भुसा पडतो, तो आम्ही दोनदा चाळून वापरतो.

आमची सर्वांत मोठी चूक पाण्याची होती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षी आम्ही बोअरचे पाणी वापरले. आमच्याकडचे बोअरचे पाणी किती जड असते, हे चहाच्या भांड्याच्या बुडाला बसणाऱ्या पांढऱ्या थरावरून कोणालाही कळेल. मला रसायनशास्त्र शिकूनही कळले नाही. पावसाळा संपता संपता दोन तक्रारी एकदम सुरू झाल्या. बाटल्या उघडल्या, की कुजका वास येई आणि आतला द्रव ताकासारखा पातळ झालेला असे, कारण जंतूंनी गम खाऊन टाकला होता. आणि ज्यांनी सीलंट भरून चार-पाच महिने झाले होते, त्यांच्या अलॉय रिमच्या आत पांढरी भुकटी, तर लोखंडी रिमच्या आत तांबडा गंज दिसू लागला. आम्ही गावोगाव फिरून 63 गाड्यांची चाके उघडली, रिम धुऊन घासून दिली आणि 4 रिम नव्या घेऊन दिल्या. त्या वर्षी जे काही कमावले होते, ते यात गेले. तेव्हापासून आम्ही क्षार काढलेले पाणीच वापरतो, त्यात गंजरोधक व जंतुरोधक घालतो आणि प्रत्येक घाण्यातली एक बाटली रिमच्या तुकड्यासह तीन महिने उन्हात ठेवून पाहतो.

दरम्यान तालुक्यातली पंक्चरवाली मंडळी आमच्यावर रागावली होती. त्यांचे गिऱ्हाईक कमी होत होते म्हणून ती रागावली असावीत असे मला वाटले, पण खरे कारण वेगळे होते. सीलंट भरलेल्या टायरला मोठे भोक पडले, की टायर काढताना हातभर चिकटा बाहेर येई, ठिगळ चिकटवायचे सोल्युशन धरत नसे आणि ठिगळ सुटे. पन्नास रुपयांच्या कामासाठी अर्धा तास टायर पुसत बसायला कोण तयार होईल? वडिलांनीच यावर उपाय काढला. आमचा द्रव पाण्याने धुतला जातो. ओल्या फडक्याने पुसावे, कोरड्या फडक्याने टिपावे, मग कानशीने घासून सोल्युशन लावावे, असा क्रम त्यांनी ठरवला आणि सात-आठ दुकानांत स्वतः जाऊन करून दाखवला. त्यातल्याच दोघांनी पुढे आमची बाटली विकायला ठेवली. आज आमचा बहुतेक माल पंक्चरच्या दुकानांतूनच जातो, आणि वडिलांच्या त्या जुन्या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले.

आठवडी बाजारात आम्ही प्रयोग दाखवत असू. चाक स्टँडवर लावायचे, खिळा ठोकायचा, पकडीने उपटायचा आणि चाक फिरवायचे. फस्सकन हिरवी पिचकारी उडे, दोन फेऱ्यांत थांबे आणि लोक पुढे सरकत. या खेळाने विक्री झाली, पण नुकसानही केले. एका गृहस्थांचा टायर साइडवॉलवर दगडाने चिरला गेला आणि त्यांना रात्री पत्नी व मुलासह बराच रस्ता गाडी ढकलत जावे लागले. टायरची बाजू प्रत्येक फेरीत दबते आणि सुटते, त्यामुळे तिथे कोणताच बोळा टिकत नाही; हे आम्हाला ठाऊक होते, पण बाजारात सांगितले नव्हते. त्यानंतर बाटलीच्या पुढच्या बाजूला, नावाच्या खालीच, आम्ही तीन ओळी छापल्या: साइडवॉलवर चालत नाही, सहा मिलिमीटरपेक्षा मोठ्या भोकावर चालत नाही, नक्षी झिजलेल्या टायरमध्ये भरू नये. एका वितरकाने अशी बाटली ठेवायला नकार दिला. बाजारातही आता आम्ही आधी साइडवॉल चिरून हवा जाताना दाखवतो.

ट्यूबचा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. ट्यूबलेस टायरचे जाड रबर खिळ्याला घट्ट धरून ठेवते, म्हणून सीलंटला वेळ मिळतो. ट्यूब पातळ आणि ताणलेली असते. खिळा आत राहून गाडी चालली, की ती टायरच्या आत सरकते आणि भोकाची चीर होते. साध्या स्पोकच्या रिमला ट्यूब लागतेच, कारण स्पोक आवळणाऱ्या प्रत्येक निपलच्या भोकातून हवा निसटते, आणि आमच्याकडच्या दूधवाल्यांच्या बहुतांश गाड्या स्पोकच्याच आहेत. बाभळीच्या काट्याचे बारीक भोक ट्यूबमध्येही बुजते, बैलाच्या पत्रीचा खिळा मात्र निम्म्या वेळा जिंकतो. म्हणून तीनहून अधिक ठिगळे असलेल्या ट्यूबमध्ये आम्ही सीलंट भरून देत नाही. नवी ट्यूब घ्या म्हणतो.

व्यवहाराच्या बाजूबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मुद्रा योजनेतून कर्ज घेऊन ढवळणीचे यंत्र आणि बाटल्या भरण्याचा पंप घेतला. 2017 च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा वर्षभर विक्रीपेक्षा कागदच जास्त हाताळले. 2020 च्या टाळेबंदीत शेड बंद राहिली, पण दूध वाहतूक सुरू होती आणि पंक्चरची दुकाने बंद होती. परवानगी मिळताच आम्ही उरलेल्या बाटल्या दूधवाल्यांना उधारीवर दिल्या. ती उधारी पूर्ण वसूल झाली, हे नमूद करायला हवे. शेडमध्ये आज 9 माणसे काम करतात.

वापराबद्दल ग्राहक फोनवर जे विचारतात, ते इथेच सांगतो. 100 ते 125 सीसीच्या मोटारसायकलला पुढे साधारण 200 मिलिलिटर आणि मागे 300 मिलिलिटर पुरते. जास्त भरले, तर वेगात चाक थरथरते. भरताना व्हॉल्व्ह खाली टेकलेला नसावा, पिन काढून द्रव सोडावा, कंपनीने सांगितलेली हवा भरावी आणि लगेच चार-पाच किलोमीटर गाडी चालवावी, नाहीतर सगळा द्रव तळाशी साचतो. दर आठवड्याला हवा तपासणे सुटत नाही. नक्षीत खिळा दिसला, तर तो तसाच ठेवून फिरू नये. दोन वर्षांनी द्रव बदलावा.

गेल्या महिन्यात ते दूधवाले काका टायर बदलायला आले. नक्षी पार गेली होती. वडिलांनी तो टायर उलटा करून आतून बोट फिरवले आणि एकेक काटा काढून घमेल्याच्या काठावर मांडत गेले. 17 काटे निघाले. काकांना त्यातल्या एकाचाही पत्ता नव्हता. वडिलांनी ते काटे पुडीत बांधून मला दिले आणि नव्या टायरमध्ये घालायला बाटली मागितली. पैसे मात्र त्यांनी स्वतःच्या गल्ल्यातून मोजून दिले.