मिग-२१ च्या पोटात ३६ नंबरची तार

विमानाच्या मॉडेलमध्ये मला सगळ्यात जास्त गोडी व्हील बेची. म्हणजे उडाल्यावर चाकं जिथं पोटात जातात ती जागा. मॉडेल टेबलावर ठेवलं की ती खाली जाते, उचलून उलटं केल्याशिवाय दिसत नाही. तरी माझा बराचसा वेळ तिथंच जातो, आणि तो तिथंच गेला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पाण्यातल्या मोटरी, पंखे, कूलरचे पंप. गहू-हरभऱ्याचं ओलित सुरू झालं की व्होल्टेज पडतं, मोटरी जळतात आणि मला मान वर करायला फुरसत राहत नाही. पावसाळ्यात मात्र काम कमी असतं. तेव्हा मॉडेलच्या सुट्या भागांचं किट उघडायचं. सध्या हातात एडुआर्ड या चेक कंपनीचं १/४८ चं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं, मिग-२१ बिस आहे. बिस हा मिग-२१ या लढाऊ विमानाचा एक प्रकार. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, मॉडेलमध्ये ते १५ सेंटिमीटरला किंचित कमी भरतात. १९६३ मध्ये आपल्या हवाई दलात आलेलं मिग-२१ हे २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं. १९७१ च्या डिसेंबरात ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं डागली ती मिग-२१ विमानांनी. आणि यातली कितीतरी विमानं नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झाली. आपल्या महाराष्ट्रात घडलेलं विमान आहे, ते बनवताना मन लावूनच बनवावं.

आता व्हील बे. मिगचा पंख इतका पातळ आहे की त्यात चाक मावत नाही. म्हणून पाय, म्हणजे चाकाचा दांडा, आत पोटाकडे दुमडतो, तो पंखात बसतो, आणि चाक मात्र दुमडता दुमडता वळून पोटाच्या बाजूला उभं राहतं. त्या जागी विमानाचं अंग बाहेरून थोडं फुगलेलं दिसतं, ते याच्यामुळे. हे एकदा समजलं की तिथल्या नळ्या कुठून जात असतील याचा अंदाज आपोआप येतो. चाकाला जागा सोडून, भिंतीला चिकटून. चाकाच्या वाटेत एक जरी नळी आली तरी खरं विमान पाय आत घेऊ शकणार नाही.

पुष्कळ जण मॉडेल सजवताना व्हील बेमध्ये तारांचे तुकडे दाटीवाटीनं चिकटवतात. फोटोत भरगच्च दिसतं, पण एका तारेचं टोक भिंतीत संपतं आणि दुसरीचं हवेत. वाइंडिंगवाल्याला हे सहनच होत नाही. तारेला दोन टोकं असतात आणि दोन्ही कुठंतरी जोडलेली असतात. मी एकेक नळी फोटोवरून कागदावर काढतो, कुठून निघाली, कुठं गेली, आणि मगच तार कापतो. मिगचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. ती हवेची नळी पायाच्या कडेनं चाकापर्यंत उतरते. पाय दबतो, उठतो, म्हणून तिला थोडी ढील हवी. ती ढील, तो छोटासा बाक, पिनेवर तार वळवून काढायचा. फेविक्विकचा थेंब सुईच्या टोकानं, तोही फक्त दोन ठिकाणी. मध्ये नळी मोकळीच राहू द्यायची.

तार अर्थात दुकानातलीच. छताच्या पंख्याची ३६ नंबरची तार ०.१९ मिलिमीटर, तिला ४८ नं गुणलं की ९ मिलिमीटरची नळी झाली. नंबर कमी तशी तार जाड, म्हणून जाड नळीला ३० नंबर, ती १५ मिलिमीटरची होते. तांबं मऊ असतं, वळवलं तसं राहतं.

मागे एक काका मोटर न्यायला आले आणि मी भिंगातून पाहत असताना बराच वेळ उभे राहिले. "भाऊ, हे आतलं कोनाले दिसते?"

म्हटलं, "काका, तुमच्या मोटरची वाइंडिंग तरी कोनाले दिसते? पन थे जयली का पानी बंद."

त्यांनी भिंग मागून घेतलं आणि मग दुसऱ्या बाजूचा बेही पाहिला.

कॉकपिटचा रंग रशियन निळसर-हिरवा, त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त समोरच्या पॅनेलवरची उभी पांढरी पट्टी विसरू नका. ती शोभेची नाही. विमान गरगरत खाली यायला लागलं तर वैमानिकाला विमान वळवायची दांडी बरोबर मधोमध धरता यावी म्हणून ती खूण आहे.

रंगकामासाठी आमच्याकडे पोळा ते दसरा हाच काळ बरा. मे महिन्यात ॲक्रिलिक रंग एअरब्रशमधून, म्हणजे रंग फवारायच्या पेनातून निघून प्लास्टिकवर पोचेपर्यंत वाळतो आणि अंगावर भुकटी बसते. भर पावसात लॅकर मारला तर हवेतल्या ओलाव्यानं पांढरट पडतो. आणि एकदा वेचणी सुरू होऊन घरात कापूस आला की तंतू हवेत तरंगत राहतात, ओल्या रंगावर एक तरी बसणारच.

मॉडेलवर रंगवलेल्या तेलाच्या डागांनाही उगम हवा. पोटाखालच्या झाकणातून गळालेलं तेल वाऱ्यानं मागेच ओढलं जाणार, म्हणून ओघळ नेहमी शेपटीकडे. प्रत्येक जोडरेषेत काळा रंग भरून विमान जाळीदार करणं मला पटत नाही.

कोणाला तार हवी असेल तर गावातल्या वाइंडिंगवाल्याकडे नव्या रिळाची उरलेली मागा, कोणीही वीतभर देईल. जळालेल्या मोटरीतून काढलेली घेऊ नका, तिच्यावरचं इनॅमल पापुद्र्यासारखं सुटतं. नाकावरची, जरा उजवीकडे असलेली पिटो नळी, म्हणजे विमानाचा वेग मोजणारी नळी, मात्र तारेची करू नका. २४ नंबरच्या इंजेक्शनच्या सुईत इन्सुलिनची सुई सरकवली की पुढे निमुळती होत गेलेली सरळ नळी मिळते. ती सगळ्यात शेवटी लावा, डिकल (चिकटवायची चिन्हं) आणि वार्निश झाल्यावर.