पणजीचं चर्च: पाचवं प्रूफ आणि एक खुंटी

लाकडी ठोकळ्यावर पणजीचं चर्च कोरतोय, छापून प्रिंट काढायला. त्यातला जिना संपला, असं मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ते मागे घेतो. शेवटच्या वळणावर कठड्याच्या खांबांमध्ये काम करताना स्पिटस्टिकर (बारीक रेघा कापायचं कलम) घसरला, दोन खांब कापून थेट पायऱ्यांत घुसला. चूक माझीच. धार गेल्याचं कळत होतं, पण ‘एवढं वळण झालं की लावू’ म्हणत रेटत राहिलो. त्यात वाळूच्या गादीवर ठोकळा फिरवायचा सोडून हात फिरवला.

पांढरी रेघ कापायच्या या कामात (कापलेलं ते पांढरं, राहिलेलं ते काळं छापतं) पांढरंफेक चर्च घेणं हीच मुळात खाज. भिंत पांढरी, कठडे पांढरे, जिन्याखालचे बांधही पांढरे. दुसऱ्या प्रूफात, म्हणजे चाचणीच्या छाप्यात, आभाळ काळंभोर उतरलं होतं आणि खाली ताक सांडल्यासारखा जिना. मग एका फटक्यात अनेक समांतर रेघा कापणाऱ्या मल्टिपल टिंट टूलने भिंतीला करडी केली, तर ती शाळेच्या गणवेशाच्या कापडासारखी दिसायला लागली. हे हत्यार मला कधीच आवडलं नाही. सोनाराचं कलम नीट घासून घ्या आणि एकेक रेघ स्वतः ओढा. वाकडी आली तरी जिवंत येते.

तर खुंटी. चूक बुजवून तिथे नवं लाकूड बसवायचं म्हणून घसरलेल्या जागी आठ मिलिमीटरचं भोक पाडलं. बॉक्सवुडच्या निमुळत्या खुंट्या सावंतवाडीच्या चितारआळीतल्या एका कारागिराने लेथवर करून दिल्या. त्याचा हात पांगाऱ्याच्या मऊ लाकडाला सरावलेला. पहिला तुकडा लावताच लेथ थांबवून म्हणाला, “हे लाकूड की शिंग?” पाच खुंट्या झाल्या. एंडग्रेन (लाकडाचा आडवा छेद) वर येईल अशी एक ठोकून बसवली, तासली, घासली. त्या रात्रीचं प्रूफ स्वच्छ आलं. मी खूश.

तीन दिवसांनी परत शाई लावली, तर खुंटीभोवती चंद्राला पडतं तसं पांढरं खळं. ठोकळा दोन महिने सावंतवाडीच्या पावसाळी हवेत पडून होता आणि खुंट्या मी शहाणपणा करून सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात ठेवल्या होत्या. कोरडी खुंटी आत बसली, दमट हवा प्यायली आणि फुगून केसभर वर आली. नखाने जेमतेम लागते, पण रोलर तेवढ्यावरही उडी मारतो आणि भोवतालची जागा कोरडी राहते. परत तासली, परत किंचित वर आली. मग आठवडाभर हात लावला नाही. आता पातळी जुळली आहे, पण सांध्याची बारीक गोल रेघ काही जात नाही.

दरम्यान एक गोष्ट मात्र जमली. घंटा! जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची ही घंटा १८७१ साली या चर्चवर चढवली. गोव्यात से कॅथेड्रलच्या घंटेखालोखाल मोठी हीच, आणि माझ्या ठोकळ्यावर जेमतेम तीन मिलिमीटर. चार रेघा, एक ठिपका, आणि ती कमानीत लटकलेली दिसते. भिंगातून दहा वेळा तरी पाहिली असेन.

परवा कामासाठी पणजीला गेलो होतो. पाऊस नुकताच थांबला होता. चर्चकडे मान वर करून बघतो तर कठड्यांखाली, कंगोऱ्यांखाली शेवाळाचे काळसर ओघळ. उभे, लांबीला वेगवेगळे. वर्षभर मी पोस्टकार्डावरचं चर्च कापत बसलो होतो! भिंतींना आणि बांधांना हे ओघळ दिले की करडेपणा आपोआप येतो, कोरा पांढरा फक्त कठड्याच्या कडांना राहतो, आणि खुंटीची गोल रेघही त्या उभ्या रेघांत तुटून जाते. भिंतीवर टिंट टूलने कापलेलं आता भरून येणार नाही, पण मधल्या राहिलेल्या काळ्या रेघा जागोजागी तोडून ओघळ काढता येतील. ८ डिसेंबरच्या फेस्तापर्यंत (चर्चच्या सणापर्यंत) चर्चला बहुधा रंग लागलेला असेल आणि माझं प्रिंट मात्र ओघळलेलं. चालेल.

छपाईला लोकता, म्हणजे नेपाळी हातकागद, वापरायचा विचार सोडला. एवढ्या बारीक रेघांना तो फार खरबरीत आहे. शाई ऑफसेटचीच, मॅग्नेशियम कार्बोनेट घालून घट्ट केलेली. ओघळ आधी रद्दी ठोकळ्यावर करून बघतो. उरलेल्या चार खुंट्या डब्यातून काढून ठोकळ्याशेजारी उघड्यावर ठेवल्या आहेत.