प्लेटांवर काढलेला नकाशा

सकाळी साडेसातला मी वर चढले तेव्हा प्लंबरकाका सेंट्रिंगवर, म्हणजे स्लॅब ओतायच्या साच्यावर, उभे होते. खांद्यावर ११० मिलिमीटरच्या पाइपाचा हातभर तुकडा. मला पाहताच म्हणाले, "मॅडम, हा कुठून उतरवू ते सांगा. नकाशात संडासाचं भांडं जिथं दाखवलं, तिथं तं बीम आहे."

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाची इमारत उभी राहत होती आणि मी तिथं साइट इंजिनिअर होते. काळ्या मातीत खाली मुरूम लागेपर्यंत खोदून पाया घेतलेला, कॉलम वर आलेले, आणि पहिला स्लॅब परवा पहाटे टाकायचा होता. वरच्या मजल्यावर बाळंतपणाची खोली, स्त्रियांचा वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटर. तिथवर स्ट्रेचर नेण्यासाठी रॅम्प. बाळंतपणाच्या खोलीच्या बरोबर खाली औषधांचं भांडार.

काका सांगत होते ती जागा मी टेपनं मोजली. २३० मिलिमीटर रुंद, ६०० खोल बीम. त्याची जाळी बसलेली, रिंगा बांधलेल्या. आणि प्लंबिंगच्या नकाशाप्रमाणे संडासाचा पाइप नेमका त्याच्या पोटातून खाली जाणार होता. २३० च्या बीममधून ११० चा पाइप उभा उतरवायचा म्हणजे अर्धी रुंदी गेली, शिवाय सळाखी कापल्या जाणार त्या वेगळ्याच.

खाली पत्र्याच्या ऑफिसात येऊन तिन्ही नकाशे काढले. आर्किटेक्टचा, स्ट्रक्चरवाल्यांचा, प्लंबिंगचा. स्केल एकच होतं, म्हणून खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहिले. मागून ऊन येत होतं. सगळ्या भिंती जुळल्या, बाळंतपणाच्या खोलीचा कोपरा तेवढा जुळेना. मग कोपऱ्यातले शिक्के वाचले, म्हणजे नकाशाची कितवी सुधारित आवृत्ती ते. आर्किटेक्टचा आर-३, प्लंबिंगचा आर-३, स्ट्रक्चरचा आर-२. मधल्या काळात डॉक्टरांनी बाळंतपणाच्या खोलीला लागूनच संडास मागितला होता. आर्किटेक्टनं तो काढून दिला, पुण्याच्या सल्लागारानं त्यावर पाइप टाकले, आणि नागपुरातला डिझायनर मात्र जुन्याच कागदावर बीम मोजत राहिला. त्यानं जिथं सपाट स्लॅब दिला होता, तिथं आता पाइपांसाठी खाली दाबलेला स्लॅब हवा होता. आपापल्या कागदावर तिघंही बरोबर होते. आणि ते तीन कागद माझ्याच ऑफिसात एकाच खणात महिनाभर पडून होते. मी प्रत्येक नकाशा वेगवेगळा तपासला, एकावर एक ठेवून कधी पाहिला नाही. ती चूक माझी.

ठेकेदार भाऊंना बोलावलं. त्यांचा जीव टांगणीला लागणं साहजिक होतं. सेंट्रिंगचं भाडं रोजचं, बालाघाटकडची टोळी हातात, आणि डोक्यावर पावसाळा. ते म्हणाले, "मॅडम, स्लॅब होऊ द्या. पाइप नंतर फोडून घेऊ."

हे तीन शब्द मी यापूर्वीही ऐकले होते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका तालुक्यातल्या इमारतीवर मी नवीन होते, आणि "नंतर फोडून घेऊ" ला मीच मान हलवली होती. बीमच्या कडेला छिन्नी लागली, दोन सळाखी ग्राइंडरनं गेल्या, पाइप बसला, वरून माल थापला. दोन पावसाळ्यांनी मी सहज तिकडे गेले तर वॉर्डातल्या एका खाटेवर प्लास्टिक अंथरलेलं आणि शेजारी बादली. छताला तांबूस ओघळ. लोखंड गंजलं की मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं, मग आतून काँक्रीट फुगतं आणि पापुद्रे सुटतात. त्या खाटेवरची म्हातारी मला म्हणाली, "बाई, रात्री डोयात पडते." ती बादली मी विसरू शकत नाही. भाऊंना मी एवढंच म्हटलं, "परवा स्लॅब होणार नाही." त्यांनी टोपी काढली, घाम पुसला, आणि काही न बोलता टोळीच्या मुकादमाला फोन लावला.

आता तिघांना एका ठिकाणी आणायचं कसं? एक नागपुरात, एक पुण्यात, आर्किटेक्ट दुसऱ्या साइटवर. फोनवर मी "ग्रिड सी आणि चारच्या मध्ये" म्हणे, आणि प्रत्येक जण आपापल्या कागदावर वेगळीच जागा पाही. तेव्हा मिस्त्री म्हणाला, "मॅडम, इथंच काढा ना नकाशा. प्लेटा मोकळ्याच आहेत." प्लेटा म्हणजे सेंट्रिंगचे पत्रे; स्लॅबचं लोखंड त्या भागात त्यांवर अजून पसरायचं होतं. प्लेटांना तेल लावलेलं असल्यानं खडू धरेना, म्हणून त्यानं घमेल्यात गेरू कालवला आणि कुंचा आणला.

पुढचे तीन तास आम्ही त्या प्लेटांवर बाळंतपणाची खोली काढली, होती तेवढीच मोठी. मिस्त्रीनं काटकोनाचा गुण्या लावून भिंती ओढल्या. प्लंबरकाकांनी खरेखुरे पाइप आणि ट्रॅप मांडले, दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार पकडला तर पाइप कुठं किती खाली जाईल ते दोरीनं दाखवलं. वायरमन आपले वायरींचे कंड्युट पाइप घेऊन आला, आणि त्याचे तीन पाइप कॉलमजवळ एकमेकांवरून जातात हे तेव्हा दिसलं. स्लॅब १२५ जाडीचा. २५ चे तीन पाइप एकावर एक म्हणजे ७५ तिथंच संपले. वरखालचं लोखंड आणि त्यावरचं काँक्रीटचं कव्हर बसायला उरलं काय? कागदावर त्या तीन पातळ रेघा होत्या, सुबक छेदणाऱ्या. त्यानं लगेच एक पाइप लांबून फिरवला.

आणि मग मी शेजारच्या जुन्या दवाखान्यातून सिस्टरना बोलावलं. वीसेक वर्षं बाळंतपणं केलेल्या बाई. शिडीवरून वर येताना त्या घाबरल्या होत्या, साडी खोचून हळूहळू आल्या. गेरूच्या रेघांमध्ये उभ्या राहिल्यावर मात्र एकदम कामावर असल्यासारख्या झाल्या. "टेबल इथं. मी इथं उभी. ऑक्सिजन डोक्याकडं पाहिजे, पायाकडं नाही." मग त्या संडासाच्या चौकोनात गेल्या, भांडं होतं तिथं बसल्यासारखं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरी, इथं बाई एकटी येत नाही. कळा चालू असतात, नाही तं बाळंत होऊन पाय लटपटतात. धरायला सोबतीण लागते. दोघी कुठं मावतील? अन् दार आत उघडलं अन् बाई दारापाशीच पडली, तं काढाल कशी?"

सगळे गप्प झाले. तिन्ही नकाशांवर ते दार आत उघडत होतं.

व्हिडिओ कॉल लावला. पुण्याचा सल्लागार, नागपूरचा डिझायनर, आर्किटेक्ट, तिघंही एकाच वेळी. मिस्त्रीनं फोन धरला आणि मी रेघांवरून चालत गेले. एक वाजत आलेला, पारा ४४ च्या खाली उतरत नव्हता, प्लेटांना हात लावला तर चटका बसे. आर्किटेक्ट म्हणाला, "भिंत ४५० नं सरकवतो, दार बाहेर उघडेल, भांडं बाजूच्या भिंतीला." पाइप आपोआप बीमच्या बाहेर आला. डिझायनरनं ओझं पुन्हा मोजायला दोन तास मागितले. मग कळवलं, संडासाखालचा स्लॅबचा तेवढा पॅनल ३०० नं खाली घ्या, ६०० च्या बीमच्या खोलीत तो बसतो, लोखंडाचा तपशील पाठवतो. ऑक्सिजनच्या तांब्याच्या नळीला बीममधून आडवं जायचं होतं, त्यासाठी ५० चा स्लीव्ह, म्हणजे नळी ओवायला पाइपाचा तुकडा, त्यानं दिला, पण अटीवर: बीमच्या खोलीच्या मधल्या भागातच, कॉलमच्या तोंडापासून १२०० तरी लांब, आणि विजेच्या पाइपांपासून वेगळा. "जागा मिस्त्रीला आत्ताच रंगवायला सांगा," तो म्हणाला. फोनमधल्या त्या आवाजातली काळजी ऐकून मला बरं वाटलं.

संध्याकाळी सुधारित नकाशे आले. तिघांच्याही शिक्क्यात आर-४. मी तालुक्याला जाऊन मोठे प्रिंट काढले, जुने सगळे खणातून काढून त्यांवर लाल पेनानं फुली मारली. नवे तीन पुन्हा खिडकीला लावले, आता मागे टॉर्च धरून. जुळले.

बाकीचं काम टोळीनं दीड दिवसात केलं. त्या पॅनलखालच्या बल्ल्या कापून प्लेटा उतरवल्या. नव्या भिंतींच्या खुणा मिस्त्रीनं उतरवलेल्या प्लेटांवर पुन्हा गेरूनं ओढल्या, सिस्टरांच्या टेबलासकट. स्लीव्हची तोंडं सिमेंटच्या पिशवीच्या कागदानं घट्ट बंद केली, माल आत जाऊ नये म्हणून. ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा, पहाटे ४ वाजता मिक्सर सुरू झाला. गिट्टीवर रात्रभर ओलं बारदान होतं. उन्हाळ्यातल्या मालाला तेवढं तरी करावंच लागतं. वीज एकदा गेली, पेट्रोलचा व्हायब्रेटर तयार होता. प्लंबरकाका सकाळभर आपल्या पाइपांजवळून हलले नाहीत. घमेलं जवळ आलं की हात आडवा करायचे, "दमानं टाक बाप्पा, दमानं." पावणेअकराला शेवटचा हात फिरला आणि लगेच पोती अंथरून पाणी सुरू केलं.

बीमखालच्या बल्ल्या पूर्ण १४ दिवसांनी काढल्या. तोवर पहिला पाऊस येऊन गेला होता. प्लेटा एकेक करून सुटत होत्या आणि मी खाली औषध भांडाराच्या खोलीत मान वर करून उभी होते. पाइपाचं तोंड बीमपासून चांगलं हातभर दूर, गोल आणि स्वच्छ निघालं. काकांनी त्यात हात घालून आतून चाचपलं.

आणि सबंध छतावर गेरू उतरला होता. भिंती, दाराचा बाहेर उघडणारा कमानीसारखा गोल, टेबलाचा चौकोन. मिस्त्रीनं "सिस्टर" असं जिथं लिहिलं होतं, ती अक्षरं उलटी, पण स्पष्ट. पुट्टीवाल्यानं विचारलं, हे घासून काढू का. सिस्टर तेव्हा गोळ्यांचे खोके कुठं ठेवायचे ते पाहायला आल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, बोटानं ते उलटं नाव हळूहळू जुळवलं, आणि म्हणाल्या, "दोन दिवस राहू दे. आमच्या पोरींना दाखवते."