सायकल चालवली चार दिवस, शोधली तीन दिवस

फ्रान्समध्ये माउंटन बाइकिंग कसं झालं असं जो तो विचारतो आणि मी "मस्त!" म्हणून मोकळी होते. मस्त झालंच, खोटं नाही, पण आजही डोळे मिटले की आधी नदी दिसत नाही, तुलूझच्या विमानतळावरचं ते मोठ्या सामानाचं शटर दिसतं. ते शटर वर गेलं, नवऱ्याची सायकल बाहेर आली, एका आजोबांचे गोल्फचे दांडे आले, कुणाची तरी बाबागाडी आली आणि शटर खाली आलं. माझं खोकं नाही.

व्हिसा, तिकिटं, रजा हे सगळं सुरळीत झालं म्हणून त्यावर लिहीत नाही. प्लॅन साधा होता. सप्टेंबरमध्ये तुलूझला उतरायचं, तिथून ट्रेनने सव्वा तासावर काऑर गाव आहे तिथे जायचं आणि मग सात दिवस लॉत नदी आणि तिला मिळणारी सेले ही छोटी नदी, या दोघींच्या खोऱ्यांत आणि मधल्या पठारावर सायकली चालवायच्या. स्वतःच्या सायकली न्यायच्या हा हट्ट माझा. नवरा म्हणत होता तिथे भाड्याने मिळतात, मी म्हटलं सिंहगड पायथ्याच्या वाटांवर सहा वर्षं जी सायकल अंगवळणी पडलीय तीच नेणार. त्याने मग स्वतःसाठी कडक प्लास्टिकची महागडी केस आणली. मी दुकानातून फुकट पुठ्ठ्याचं खोकं आणलं, नवीन सायकली ज्यात येतात ते. (तुम्हालाही लागलं तर आठवडाभर आधी सांगून ठेवा, दुकानदार खोकी लगेच रद्दीत घालतात.)

खोकं पॅक करताना आई आली होती. काळा मार्कर घेऊन म्हणे, नाव लिहू दे, हरवलं तर? मी म्हटलं, अगं छापील लेबल लावलंय इंग्लिशमध्ये, आणि तिथे मराठी कोण वाचणार आहे. तिने ऐकलं नाही. पूर्वी होल्डॉल आणि ट्रंकांवर पांढऱ्या ऑइलपेंटने नावं घालायचे ना, त्या काळातली बाई ती. माझं नाव, कोथरूडचा पत्ता, आणि खाली भलं मोठं "आत सायकल आहे. आपटू नये." मी हसले आणि सोडून दिलं.

तर शटर खाली आल्यावर सामान हरवल्याच्या काउंटरवर गेलो. पुढे नऊ जण. नंबर लागला तशी मी थेट "माय बाइक..." करून सुरू झाले आणि काउंटरवरच्या बाईने मला थांबवून, अगदी शाळेतल्या बाईंसारखं, "बोंझूर", म्हणजे नमस्कार, म्हटलं. तिथे आधी बोंझूर म्हणायचं, मग जगबुडी सांगायची. हे सगळीकडे लागू आहे, दुकानात, बसमध्ये, वाटेत समोरून कुणी चालत आलं तरी. लक्षात ठेवा, निम्मी कामं त्यावर होतात.

मग फॉर्म. हा फॉर्म भरल्याशिवाय आणि त्याचा फाइल नंबर घेतल्याशिवाय विमानतळाबाहेर पडायचं नाही, तो नंबर नसेल तर पुढे कुणी दारात उभं करत नाही. सामानाचा रंग काय? खाकी, पुठ्ठ्याचा. ब्रँड काय? मी प्रामाणिकपणे माझ्या सायकलचा ब्रँड सांगितला. आणि इथे मी माती खाल्ली, कारण खोकं भलत्याच कंपनीच्या सायकलचं होतं आणि त्यावर त्या कंपनीचं नाव हातभर अक्षरात छापलेलं होतं. हे मला रात्री दोन वाजता काऑरच्या हॉटेलात अंथरुणात आठवलं. म्हणजे सगळे शोधणार एका नावाचं खोकं आणि ते पडलंय दुसऱ्या नावाने. तेव्हा फुकटचं खोकं आणलंत तर बाहेरचं नाव ब्राउन पेपरने झाका, नाहीतर निदान चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. माझ्याकडे फोटो एकच होता, तोही आई शेजारी उभी आहे म्हणून काढलेला.

पुढचा रकाना पत्ता. आम्ही तिसऱ्या दिवसापासून सेलेच्या खोऱ्यात एका गीतमध्ये राहणार होतो. गीत म्हणजे शेतघरातलं होमस्टे समजा. त्या वस्तीला घर नंबर नाही, रस्त्याला नाव नाही, नुसतं वाडीचं नाव आणि पिनकोड. आपल्याकडे "मारुतीच्या देवळामागे" चालतं तसं तिथल्या पोस्टमनला ते चालतं, पण कॉम्प्युटरला घर नंबर हवाच. बाईने "१" टाकला. मी म्हटलं, एक नाहीये. ती म्हणाली, कॉम्प्युटरसाठी आहे.

आणि फोन नंबर! मी येताना ई-सिम घेतलं होतं, स्वस्त, फक्त डेटाचं. त्यावर कॉल येतच नाही हे मी वाचलंच नव्हतं. भारतातला नंबर दिला तर त्याचं रोमिंग बंद. म्हणजे उद्या खोकं सापडलं तरी मला कळवणार कसं? ईमेल द्या, म्हणे. दिला. तीन दिवसांत त्यावर एकच मेल आला, त्यात लिहिलं होतं की आमच्या सेवेला किती स्टार द्याल.

वेबसाइटवर फाइल नंबर टाकला की तेच वाक्य, शोध सुरू आहे. सकाळी शोध सुरू आहे, जेवताना शोध सुरू आहे. हेल्पलाइनवर आधी सहा मिनिटं संगीत, मग फ्रेंचमध्ये आकडे दाबायला सांगायचे, चुकीचा आकडा दाबला की पुन्हा संगीत. घरी माझ्याकडे ट्रॅकर होता बरं का, बोटभर आकाराचा, तो अ‍ॅक्टिव्हाच्या किल्लीला लटकत पुण्यात होता. नवऱ्याच्या केसमध्ये ट्रॅकर. हे त्याने मला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही, चेहरा बघून.

तो दोन दिवस एकटा भटकून आला, संध्याकाळी चिखलाने माखलेला, खूश. मी काऑरमध्ये. गाव छान आहे, नदीने तीन बाजूंनी वेढलेलं. १३०८ साली बांधायला घेतलेला व्हालांत्रे पूल आहे, तीन उंच मनोऱ्यांचा. त्याची गोष्ट अशी की काम संपेना म्हणून गवंड्याने सैतानाशी करार केला, सांगेन ते सगळं तू करायचं, मग माझा आत्मा तुझा. काम संपत आलं तेव्हा गवंड्याने शेवटचं काम सांगितलं, या चाळणीत पाणी भरून आण. सैतान हरला, आणि रागाने रोज रात्री मधल्या मनोऱ्याचा एक दगड काढून न्यायला लागला. १८७९ च्या डागडुजीत तिथल्या आर्किटेक्टने त्याच जागी दगडाला चिकटलेलं एक छोटं सैतानाचं शिल्प बसवून घेतलं, अजून आहे. मी पुलावर उभी राहून खात्रीने सांगू शकत होते की तो गवंडी हल्ली हेल्पलाइनवर नोकरीला आहे आणि चाळणी माझ्या हातात आहे.

तिसऱ्या दिवशी टॅक्सीने गीतवर गेलो. मालकीणबाई साठीच्या, त्यांना सगळे मादाम म्हणतात म्हणून आम्हीही. मी फाइल नंबर दाखवला. मादामनी चष्मा लावला, स्वयंपाकघरातला लँडलाइन उचलला आणि पुढची चाळीस मिनिटं त्या बोलत होत्या, आधी गोड, मग कमी गोड. मध्येच रिसीव्हरवर हात ठेवून मला विचारलं, खोक्यावर काही लिहिलंय का? कारण मधल्या विमानतळावर एक खोकं पडलंय, टॅग फाटलाय, लेबल निघालंय, ब्रँड जुळत नाही, पण त्यावर हाताने कुठल्यातरी लिपीत काहीतरी लिहिलंय जे कुणालाच वाचता येत नाही.

मी आईच्या फोटोवरून ते अक्षर मोठं करून दाखवलं. मादामनी तो फोटो कुठे कुठे पाठवला देव जाणे, तासाभरात फोन आला, जुळलं.

दुसऱ्या दिवशी खोकं निघालं खरं, पण कुरिअरवाल्याने घर नंबर "१" शोधत शेजारच्या गावाला दोन चकरा मारल्या. शेवटी मादामचा भाचा गाडी घेऊन त्याला आडवा गेला. संध्याकाळी साडेपाचला खोकं अंगणात. एक कोपरा चेपलेला, रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, किंचित वाकलेला, तो हाताने सरळ झाला. हँगर, म्हणजे मागचा गिअर ज्यावर बसतो तो छोटा तुकडा, मी आधीच काढून फ्रेमला बांधला होता म्हणून वाचला. तुम्हीही काढा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे नवऱ्याला तेव्हाही आठवलं नाही, मला आठवलं, तेवढंच समाधान.

पैशांचं सांगते. मॉन्ट्रियल करार म्हणून आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतही त्यात आहे. त्यानुसार सामान उशिरा मिळालं तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करायची, मोडतोड असेल तर सातच दिवस. डिसेंबर २०२४ पासून भरपाईची कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे साधारण दोन हजार डॉलर, पण ती मर्यादा आहे, हक्काची रक्कम नाही, पावत्या लागतात. मला नवीन हेल्मेट, बूट आणि टॅक्सीच्या पावत्यांवर अडीच महिन्यांनी हेल्मेट आणि बुटांचे पैसे मिळाले. टॅक्सी का घेतली असं त्यांनी विचारलं. सायकल नव्हती म्हणून!

असो. उरलेले चार दिवस.

इथली रचना एकदा डोक्यात बसली की सोपं आहे. वर चुनखडीचं कोरडं पठार, त्याला ते कोस म्हणतात, आणि खरंच कोसभर कुणी दिसत नाही. खाली नद्यांनी कापलेल्या खोल दऱ्या, पांढरे पिवळे कडे, कड्याला चिकटलेली गावं. दिवसभर तुम्ही नदीवरून वर आणि वरून नदीवर एवढंच करता. चढ एका दमात सिंहगडाएवढा नाही, पण दिवसातून चार वेळा आहे. वरच्या वाटा दोन्हीकडे चुना न वापरता रचलेल्या दगडी गडग्यांमधून जातात, थेट कोकण, फक्त फणसाऐवजी खुजे ओक आणि जांभ्याऐवजी पांढरा दगड. मध्येच शेतात दगडाच्या गोल टोपीसारख्या झोपड्या. खाली सुटे दगड एवढे की हात बधिर होतात, टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा. पाऊस पडून गेला असेल तर हा दगड म्हणजे साबण, आपल्या काळ्या दगडाच्या भरवशावर राहून मी पहिल्याच उतारावर आपटले. खोक्यावरची सूचना वाचायला हवी होती.

पठारावर पाणी नाही हे फार महत्त्वाचं, हे खरं तर आधी लिहायला हवं होतं. पाऊस चुनखडीतून सरळ खाली मुरतो आणि झरे फुटतात ते दरीत, वर ओढा म्हणून नाही. दोन बाटल्या कमी पडल्या. मादामची युक्ती अशी की गावच्या स्मशानात जा, फुलझाडांसाठी नळ असतोच. पहिल्यांदा कसंतरी वाटलं, दुसऱ्या दिवशी लांबून क्रॉस दिसला तरी तहान लागायला लागली. फक्त "नों पोताब्ल" अशी पाटी असेल तर पिऊ नका.

खुणांबद्दल. त्रिकोण आणि त्याला लागून दोन गोल अशी खूण सायकलच्या वाटेची, आकड्याचा रंग हिरवा म्हणजे सोपी, मग निळा, लाल, काळा. पांढरे-लाल पट्टे चालणाऱ्यांच्या लांब वाटेचे, त्यावर सायकल जाते पण कधी कधी पायऱ्याच येतात. इथून स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणारे यात्रेकरू चालत असतात, पाठीवर शिंपला लावून. एक बाई मला म्हणाली, मी रोज वीस किलोमीटर चालते. वारीला आल्यासारखं वाटलं, फक्त कुणी चहा देईना.

सेलेच्या वरच्या अंगाला फिजाक गाव. शाँपोल्योंचं जन्मगाव, १७९० चा जन्म, १८२२ मध्ये ज्याने इजिप्तची चित्रलिपी सोडवली तो. तिथे एका चौकात जमिनीवर, ज्या शिळेच्या आधाराने ती लिपी सुटली त्या रोझेटा शिळेची काळ्या दगडातली प्रचंड प्रतिकृती अंथरली आहे, लोक तिच्यावरून चालतात. नवरा म्हणाला, तुझं खोकं याच माणसाकडे पाठवायला हवं होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले.

परतीच्या दिवशी काब्रेरेजवळची पेश मेर्लची गुहा. १९२२ मध्ये गावातल्या पोरांनी शोधली, आत ठिपक्यांचे दोन घोडे आहेत, सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे, आणि खरी गुहा बघायला मिळते, नक्कल नाही. दिवसाला ७०० लोकच सोडतात, आधी बुकिंग करा. आमचं बुकिंग हरवलेल्या तीन दिवसांतलं होतं, मादामनी परत फोन उचलला. पुढे सँ-सिर्क-लापोपी, लॉतच्या वर शंभर मीटर कड्यावर बसलेलं गाव, तिथून नदीकडे बघत मी अर्धा तास काहीच बोलले नाही. त्याबद्दल इथेही काही लिहीत नाही.

शाकाहारींनी "केर्सीचं सॅलड" मागवू नका, त्यात बदकाच्या पोटातले तुकडे असतात. बकरीच्या चीजचं गरम सॅलड मागवा आणि बेकन नको हे बोंझूरनंतर लगेच सांगा. दुपारी बारा ते दोन गावातली दुकानं बंद, आपलं पुणं आठवतं, फरक एवढाच की तिथे कुणी विनोद करत नाही.

परत येताना तेच खोकं, चेपलेल्या कोपऱ्याला टेप. नवऱ्याने गुपचूप मादामकडून मार्कर आणून आपल्या महागड्या केसवर मराठीत नाव लिहिलं. मुंबईला मोठ्या सामानापाशी थांबलो तर माझं खोकं आधी आलं. ट्रॉलीवरून उतरवणारा पोरगा एकदा खोक्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे, आणि म्हणतो, "ताई, आपटली नाही हां."