कोकोची काळी फळकुज आणि मित्रबुरशी : पाच महिन्यांची नोंद

नोंदीची सुरुवात एका कबुलीने करणे भाग आहे. हरितगृहातल्या माझ्या ४ कोको झाडांवर गेल्या हंगामात काळी फळकुज आली, तेव्हा ‘बुरशीजन्य रोग’ एवढेच शब्द वाचून मी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली आणि फळे कुजायची ती कुजतच राहिली. कारण नंतर उमगले. हा रोग घडवणारा फायटोप्थोरा दिसायला बुरशीसारखा असला, तरी तो खरी बुरशी नव्हे. तो ऊमायसीट गटातला जीव असून त्याचे नाते तपकिरी शैवालांशी अधिक जवळचे आहे. कार्बेन्डाझिम त्याला लागूच पडत नाही, मातीतल्या ट्रायकोडर्माला, म्हणजे रोगकारकांवर मात करणाऱ्या मित्रबुरशीला, मात्र ते चांगलेच बाधते. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा तो प्रकार होता. यंदा संन्याशाला आधी परत आणायचे आणि मग चोराकडे पाहायचे, असे ठरवले.

पहिला महिना संवर्धनातच गेला. ट्रायकोडर्मा अ‍ॅस्परेलम ही प्रजाती निवडली, कारण कॅमेरूनमध्ये फायटोप्थोरा मेगाकार्या या अधिक विध्वंसक भावंडाविरुद्ध तिच्यावर बरेच काम झालेले आहे. तांदूळ भिजवून, निथळून, पिशव्यांत भरून कुकरमध्ये निर्जंतुक केला आणि गार झाल्यावर विरजण लावावे तसा मूळ संवर्धनाचा तुकडा त्यात मिसळला. पहिल्या खेपेच्या ५ पिशव्यांपैकी ३ वाया गेल्या. तांदूळ जास्त शिजून त्याचा गोळा झाला होता, आतपर्यंत हवा पोहोचली नाही आणि तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला. तो जिवाणूंचा होता. दुसऱ्या खेपेला दाणा दाण्यापासून सुटा राहील इतकेच पाणी ठेवले. दुसऱ्या दिवशी दाण्यांवर कापसासारखी पांढरी लव आली, चौथ्या दिवशी पिशवीच्या कडेने हिरवी झाक धरली आणि सहाव्या दिवशी सारी पिशवी गर्द हिरवी झाली. पिशवी उघडताच ओल्या नारळासारखा गोडसर वास आला. हा वास पेंटिल-पायरोन या वायुरूप द्रव्याचा असतो आणि ते द्रव्यही काही रोगकारकांची वाढ रोखते. त्यामुळे नाकाने केलेली ही तपासणी अगदीच गावठी समजू नये. तरीही वासावर विसंबून मात्रा ठरवता येत नाही, म्हणून बीजाणू धुऊन त्या द्रावणाचा थोडा भाग २० पट पातळ केला आणि मोजणीच्या काचपट्टीवर पाहिला. कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनांत सरासरी ५० बीजाणू भरले, म्हणजे मूळ द्रावणात दर मिलिलिटरला साधारण १ कोटी. पुढच्या सर्व प्रयोगांत हीच मात्रा ठेवली.

त्यानंतर आगरच्या (सूक्ष्मजीव वाढवायच्या जेलीच्या) बशीत दोघांना समोरासमोर ठेवले. कुजक्या फळाच्या कडेवरून वेगळा केलेला फायटोप्थोरा एका टोकाला आणि ट्रायकोडर्मा दुसऱ्या टोकाला. ट्रायकोडर्माने तिसऱ्या दिवशी मधली रेघ ओलांडली आणि आठवडाभरात समोरच्या वसाहतीवर हिरवे ठिपके उमटू लागले. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे तंतू शत्रूच्या तंतूंना लगटून वाढलेले आणि काही ठिकाणी वेटोळे घातलेले दिसले. इथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. ट्रायकोडर्माच्या कायटिन (खऱ्या बुरशींच्या पेशीभित्तिकेतले द्रव्य) विरघळवणाऱ्या विकरांचे कौतुक सर्वत्र वाचायला मिळते, पण फायटोप्थोराच्या पेशीभित्तिकेत कायटिन जवळजवळ नसते. ती मुख्यतः ग्लुकन (ग्लुकोजच्या साखळ्यांचे द्रव्य) आणि सेल्युलोजची असते, त्यामुळे येथे कामी येतात ती ग्लुकन तोडणारी विकरे. एका रोगावर उत्तम ठरलेला वाण दुसऱ्यावर फिका पडण्यामागे असे भेद असू शकतात. शिवाय बशीतला विजय मी फारसा मनावर घेत नाही, कारण तिथे अन्न भरपूर असते, ओल कायम असते आणि ऊन नसते.

रोपांची नोंद थोडक्यात देतो. कोकोचे बी वाळले की मरते, म्हणून एका निरोगी फळातले २४ बी गर चोळून काढून लगेच पेरले. १२ कुंड्यांच्या मातीत पेरणीपूर्वी आठवडाभर आधी मित्रबुरशी कालवली होती आणि १२ कुंड्यांत फक्त निर्जंतुक तांदूळ घातला होता, जेणेकरून तांदळाच्या अन्नांशाचा फायदा दोन्हीकडे सारखा राहावा. दोन महिन्यांनी पहिल्या गटातली ११ आणि दुसऱ्यातली ८ रोपे उभी होती. उरलेली बुडाशी काळी पडून कोलमडली. फरक दिसतो खरा, पण इतक्या थोड्या रोपांत तो निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, त्यामुळे त्यावर दावा उभा करणार नाही.

फळांकडे वळण्यापूर्वी ब्राझीलचा अनुभव सांगायला हवा, कारण माझी पद्धत तिथूनच बदलली. बाहिया प्रांतात १९८९ मध्ये ‘चेटकिणीचा झाडू’ हा रोग पोहोचला आणि तिथली कोकोशेती कोसळली. त्याचा कारक मोनिलिओप्थोरा पर्निसिओसा ही खरी बुरशी असून वाळलेल्या झाडूसारख्या फांद्यांवर तिच्या इवल्या छत्र्या उगवतात आणि बीजाणू उधळतात. तिथल्या सेप्लाक या कोको संस्थेने ट्रायकोडर्मा स्ट्रोमॅटिकम ही मित्रबुरशी वापरात आणली. ती जिवंत फांदीला बरे करत नाही, तर मेलेल्या झाडूंत शिरून छत्र्या उगवण्यालाच आळा घालते. फळ वाचवण्याच्या नादात मी रोगाचे आगर विसरलो होतो, हे त्यावरून लक्षात आले. काळी फळकुजही झाडावर लटकलेल्या वाळक्या फळांत, सालींच्या ढिगात आणि मातीत टिकून राहते. म्हणून तिसऱ्या महिन्यात वाळकी फळे उतरवली, साली हरितगृहाबाहेर एका जागी रचल्या आणि त्या ढिगावर, तसेच २ झाडांच्या बुंध्याभोवतीच्या पालापाचोळ्यावर हिरवा तांदूळ पसरून तो ओला ठेवला.

त्याच २ झाडांच्या फळांवर दर १० दिवसांनी फवारणी केली. फवारणी नेहमी संध्याकाळी करावी लागते, कारण कडक उन्हातले अतिनील किरण बीजाणू मारतात. फळाच्या सालीवरून पाणी घरंगळते, म्हणून द्रावणात थोडे खाद्यतेल घोटून घेतले. पहिल्यांदा ते नीट न घोटल्याने फवाऱ्याचे तोंड दोनदा तुंबले. मोजणीत तळहाताहून मोठी फळेच धरली, कारण कोवळी फळे रोग नसतानाही पिवळी पडून झाडावरच वाळतात आणि ती हिशेबात आली की सगळा ताळा चुकतो. फवारलेल्या झाडांवरच्या १४ फळांपैकी ३ कुजली आणि न फवारलेल्या झाडांवरच्या १५ पैकी ६. फवारलेल्यांतली तिन्ही कुजकी फळे खोडावर गुडघ्याच्या खालच्या उंचीची होती, आणि त्यांपैकी दोघांवर तपकिरी डाग जमिनीकडच्या टोकापासून सुरू झाला होता. पाणी घालताना उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर माती तिथवर पोहोचते, हे नळी हातात धरून स्वतः पाहिले. तेव्हापासून पाणी ठिबकने देतो आणि पाचोळ्याचा थर चार बोटांचा ठेवतो. त्यामुळे पुढच्या मोजणीत मित्रबुरशीचे श्रेय किती आणि ठिबकचे किती, हे वेगळे काढण्यासाठी चारही झाडांना ठिबक सारखेच दिले आहे.

पाचव्या महिन्यात रोपांच्या मुळांचे तुकडे पृष्ठभाग धुऊन आगरवर ठेवले. मित्रबुरशी दिलेल्या गटातल्या १० तुकड्यांपैकी ७ भोवती हिरवे कडे आले, तर न दिलेल्या गटातही १० पैकी ४ भोवती आले. ट्रायकोडर्मा बहुतेक मातींत मुळातच असतो, त्यामुळे ते ४ मातीतले जुने रहिवासी असू शकतात, अथवा एकाच झारीने दोन्ही गटांना पाणी दिल्याने माझाच वाण तिकडे गेला असेल. आता दोन्ही गटांच्या झाऱ्या वेगळ्या केल्या असून, ते ४ आणि माझा मूळ वाण एकेका बशीत समोरासमोर लावले आहेत. एकाच वाणाचे तंतू सहसा एकमेकांत मिसळून जातात, निराळ्या वाणांत मध्ये रेघ राहते. आज तिसरा दिवस आहे, आणि दोन बश्यांत रेघ स्पष्ट दिसू लागली आहे.