आमची वाटचाल : कितक्या पेट्यांक पडतला?

आमच्या घरात खर्च रुपयांत नाही, आंब्याच्या पेट्यांत मोजतात. पंप जळला की "चार पेट्या गेल्या", लेकीची फी भरली की "तीस पेट्या". ही सवय सासऱ्यांची, आबांची. २०२१च्या जानेवारीत मी गिऱ्हाइकांना आपोआप निरोप पाठवणारं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हाही त्यांनी विचारलं, "कितक्या पेट्यांक पडतला ह्यां?" मी महिना ४९ डॉलर असं सांगितलं. डॉलर त्यांच्या हिशेबात बसत नव्हते. आणि खरं सांगायचं तर माझ्याही बसले नव्हते.

देवगड तालुक्यात आमची साडेतीनशे हापूसची कलमं. वर्षानुवर्षं माल वाशीला जायचा आणि हमाली, भाडं, बाकीचे खर्च वजा होऊन हातात पट्टी, म्हणजे अडत्याचा हिशेबाचा कागद, यायची. पट्टीवरचा आकडा ठरवण्यात आमचा वाटा शून्य. २०१४ साली पुण्यातल्या नातेवाइकांच्या सोसायटीत चाळीस पेट्या थेट दिल्या, तिथून घरपोच विक्री सुरू झाली. गिऱ्हाइकांची नावं आबांच्या वहीत, १४० होती.

२०१८ साली व्हॉट्सॲप बिझनेस आलं. वहीतले नंबर मोबाइलमध्ये घातले. एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ नावं बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर जतन केलाय त्यांनाच निरोप पोचतो, हे कळायला एक हंगाम गेला. दोनशे जणांना "आंबा सुरू झाला" म्हणून कळवलं असं मी समजत होते. अर्ध्यांना पत्ताच नव्हता.

मग २०२०. टाळेबंदी, वाशीचं मार्केट मधूनमधून बंद, झाडावर तयार आंबा. त्या एप्रिल-मेमध्ये फोन इतके आले की नवरा बागेत आणि मी फोनवर, असे दोन महिने गेले. हंगाम संपला तेव्हा १,९०० नावं जमली होती. कुणाची नोंद मराठीत, कुणाची इंग्रजी लिपीत, कोथरूडचे एक जोशीकाका तीन वेगवेगळ्या नंबरांनी तीनदा. ही यादी हाताने सांभाळणं शक्य नाही म्हणून ते परदेशी सॉफ्टवेअर घेतलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्यांनी नियम लिहून दिले होते, वाचले नाहीत ते मी.

पहिला नियम असा की पैसे नावांवर लागतात, गिऱ्हाइकांवर नाही. २,५०० नावांपर्यंत ४९ डॉलर, पुढे वरचा टप्पा. "आम्हाला निरोप नको" म्हणून यादीतून बाहेर पडलेला माणूसही मोजणीत राहतो. जोशीकाका तीनदा मोजले जातात. फेब्रुवारीत भाचा ठाण्याहून आला आणि त्याने रात्री बसून चारशे दुबार नावं काढली, नाहीतर आम्ही एप्रिलमध्येच वरच्या टप्प्यात गेलो असतो.

आता हिशेब. ४९ डॉलरचे तेव्हा साधारण ३,६२५ रुपये. कार्डावर परकीय चलनाचे साडेतीन टक्के. शिवाय परदेशातून सेवा घेतली की १८ टक्के जीएसटी आपणच भरायचा, ज्याला आमचे सीए रिव्हर्स चार्ज म्हणतात. "त्याचा परतावा मिळतो ना?" असं प्रत्येक जण विचारतो. कारखानदाराला मिळतो. आम्ही आंबापोळी आणि कोकम आगळासाठी नोंदणी केलेली, पण विक्रीचा मोठा भाग ताजा आंबा, आणि ताज्या आंब्यावर जीएसटीच नाही. त्यामुळे भरलेल्या कराचा बहुतेक भाग अंगावरच पडतो. करमुक्त माल विकणाऱ्याला सॉफ्टवेअर महाग पडतं, ही गोष्ट कुठल्याही विक्री प्रतिनिधीने मला सांगितली नाही. सगळं धरून महिन्याचे ४,४००.

१६ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. रात्रभर झाडं कडाडत होती. सकाळी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती, इतका आंबा खाली. वीज गेली, मोबाइलचा टॉवर गेला. आणि १७ तारखेला सकाळी दहा वाजता, मी एप्रिलमध्ये मोठ्या हौसेने लावून ठेवल्याप्रमाणे, ३१२ बुकिंगवाल्यांना ईमेल गेली: "तुमचा आंबा झाडावर तयार होतोय!" सोबत हसरा चेहरा. थांबवायला माझ्याकडे ना वीज ना रेंज. चार दिवसांनी फोन लागला तेव्हा एका आजींचं उत्तर आलेलं होतं, "वादळाची बातमी पाहून काळजी वाटत होती, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं." ते वाचून मला रडू आलं. आबांना सांगितलं तर म्हणाले, "आंबो जमनीर आणि तू लोकांका सांगतंस झाडार आसा?" ३१२ जणांना मग आम्ही दोघांनी एकेक करून फोन केले, आगाऊ रक्कम परत केली. साठेक लोकांनी ती घेतली नाही, पुढच्या वर्षी पाठवा म्हणाले. तेव्हापासून झाडावरच्या मालाबद्दल एकही निरोप आधी लावून ठेवत नाही.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचा कार्डावरून आपोआप होणाऱ्या वजावटीचा नवा नियम लागू झाला. आमचं पेमेंट नाकारलं गेलं आणि सॉफ्टवेअरचं खातं बंद पडलं. मला ते कळलं जानेवारीत! तीन महिने यंत्र बंद आणि धंद्याचं काहीही अडलं नव्हतं, कारण तेव्हा आंबा नसतोच. तिथे माझी ट्यूब पेटली. आमचा धंदा मार्च ते मे, दहा-अकरा आठवड्यांचा, आणि मी बारा महिन्यांचं भाडं भरायला बसले होते.

त्या रात्री वही काढून आबांच्या प्रश्नाचं उत्तर काढलं. जानेवारी ते सप्टेंबर मिळून ३९,६०० रुपये. वादळापर्यंत थेट गेलेल्या पेट्या ६४०. पेटीमागे बासष्ट रुपये. पुठ्ठ्याचं छापील खोकं मला पंचावन्नला पडत होतं. आंबा ज्यात जातो त्या खोक्यापेक्षा निरोप महाग.

पुढचं वर्ष शोधाशोधीत गेलं. हबस्पॉट या तशाच परदेशी सॉफ्टवेअरची प्रोफेशनल श्रेणी बघितली, महिना आठशे डॉलरच्या पुढे आणि सुरुवातीचे ३,००० डॉलर वेगळे. ते आमच्यासारख्यांसाठी नाहीच. भाच्याने मॉटिक नावाचं सॉफ्टवेअर सुचवलं, मुक्तस्रोत, परवाना फुकट, पण आपल्या सर्व्हरवर चालवायचं. पण सर्व्हर बिघडला तर देवगडात कोण बघणार, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. (तो तेव्हा जर्मनीला निघाला होता.)

शेवटी व्हॉट्सॲपचा एपीआय, म्हणजे सॉफ्टवेअरमधून थेट व्हॉट्सॲपवर निरोप पाठवायची सोय, घेतला, एका देशी मध्यस्थ कंपनीमार्फत. महिना १,५०० रुपये, तेही फक्त फेब्रुवारी ते मे, आणि निरोपाचे पैसे वेगळे. यात नावं कितीही असोत, पाठवलं तरच पैसे. २०२५च्या हंगामात जाहिरातीच्या निरोपाला ७८ पैसे पडत होते, "तुमची पेटी निघाली" अशा कामाच्या निरोपाला पंधरा पैशांच्या आत. एकदा पेटी निघाल्याच्या निरोपाखाली मी हौसेने "कोकम आगळही मिळेल" अशी ओळ घातली, तर तो निरोप जाहिरात ठरला आणि पाच पटींहून जास्त दर लागला. ओळ काढली. आगळ तसंही आंब्याबरोबर कुणी मागत नाही, सरबताची आठवण उशिरा येते.

ईमेल पूर्ण सोडली नाही. दादरच्या निवृत्त गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, पण न्यूजर्सीतला मुलगा ठाण्यातल्या आईला पेटी पाठवतो तो ईमेलच वाचतो. अशी दीडशे नावं, ती फुकटच्या योजनेत बसतात. २०२४च्या फेब्रुवारीत जीमेलने घाऊक ईमेलचे नियम कडक केले तेव्हा ईमेलसाठी स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या नावाचा पत्ता, घेतलं, एवढंच.

यादी मात्र कापली. ४,२०० नावांतली दोन हंगामांत एकदा तरी पेटी घेतलेली १,१५० ठेवली. कापताना हात थरथरला, कारण प्रत्येक नाव कष्टाने मिळवलेलं. विक्री कमी झाली नाही. २०२५मध्ये ९०० पेट्या थेट गेल्या आणि सॉफ्टवेअर, निरोप, कर मिळून खर्च पावणेअकरा हजार. पेटीमागे बारा रुपये. आबांना सांगितलं. "म्हंजे अठरा पेट्ये," ते म्हणाले. पेटीमागे सहाशे सुटतात हे त्यांना तोंडपाठ.

या बारा रुपयांत मी एक गोष्ट धरलेली नाही, ती धरायला हवी. गावातली एक मुलगी हंगामात चार महिने संगणकावर बसते, पत्ते तपासते, लोकांच्या उत्तरांना उत्तरं देते. तिचे महिना नऊ हजार. म्हणजे पेटीमागे आणखी चाळीस. आपोआप म्हणून विकलं जाणारं हे काम चालतं ते तिच्यामुळे, आणि तिने यंदा पगार वाढवून मागितलाय. देणार आहे.

गेल्या आठवड्यात मध्यस्थ कंपनीचा फोन आला. पुढच्या वर्षापासून महिन्याची योजना बंद, वार्षिकच घ्यावी लागेल, आगाऊ. मी म्हटलं, तीन महिन्यांचा दर सांगा. असा दर नाही म्हणाले. मग मीही सांगितलं, मोहोर कसा येतो ते बघते आणि फेब्रुवारीत कळवते.